नकोची गाठ

गाठ नेमकी कुठे आहे हे सांगायला वहिनीला वर्ष लागलं, कारण ती जिथे होती त्या जागेला आमच्या घरात नाव नाही. गुडघ्याला आहे, पोटाला आहे, कमरेबद्दल तर आई दिवसभर बोलते. पण पोट संपून पाय सुरू होतो तिथल्या घडीचा विषय निघाला की सगळ्यांचा आवाज खाली आणि मान खिडकीकडे.

त्यामुळे वहिनीनं आधी "पाय दुखतो" एवढंच सांगितलं. आईनं मलम दिलं. वहिनी ते इमानेइतबारे गुडघ्याला चोळत राहिली. गुडघे इतके मऊ झाले की विचारू नका. दुखणं होतं तिथेच होतं.

घरात आम्ही चौघं. आई, दादा, वहिनी आणि मी. मी नवऱ्याकडून परत आलेली. त्याला वीस वर्षं झाली. कारण विचारू नका, मलाही कुणी सांगितलं नाही. चष्म्याच्या दुकानात काम करते, लोकांना खालची ओळ दिसते का ते विचारते. वहिनी बुटांच्या दुकानात. गिऱ्हाईक खुर्चीत बसतं, ती त्याच्या पायाशी बुटक्या स्टुलावर. बूट घालायचा, अंगठा कुठे येतो ते दाबून बघायचं, नाही जमला की उठायचं, फळीवरून दुसरा खोका काढायचा, परत बसायचं. दिवसभर हेच. नात्यानं ती मोठी असली तरी वयानं माझ्याहून लहान, म्हणून मी तिला अगं-तुगं करते. ती मला "वन्सं" म्हणते. हा शब्द आता कुणी वापरत नाही. तीही मला चिडवायलाच वापरायची, पण पुढे सवय झाली, तिलाही आणि मलाही.

एका सुट्टीच्या दिवशी न्हाणीघराचं दार किलकिलं करून ती म्हणाली, "वन्सं, जरा आत या. आणि हसू नका."

मी हसले नाही. उजव्या जांघेत लिंबाएवढी गाठ होती. वरची कातडी नितळ, लाली नाही, ताप नाही. बोट लावलं की आत काहीतरी गुळगुळीत सरकायचं.

"दुखते?"

"उकिडवं बसलं की दुखते. म्हणजे ज्याचा पगार मिळतो तेवढा वेळ."

"आणि एवढे दिवस मलम कुठे लावत होतीस, बये?"

"आईंनी दिलं तिथे."

कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं कपड्यांवरूनच चाचपलं आणि "हर्निया" म्हणून पट्टा लिहून दिला. आई म्हणाली, "जड उचललं असणार. सांगितलेलं कुठे ऐकते!" वहिनी कित्येक महिने दुकानाच्या गणवेशाखाली पट्टा बांधून जात होती. गाठ काही गेली नाही. तिला बसायला गादी मिळाली, एवढंच.

शेवटी मीच दादाच्या मागे लागले आणि आम्ही मोठ्या इस्पितळात गेलो. दादा स्त्रियांच्या विभागाच्या दाराशी थांबला. आत माझं काय काम, असं म्हणून त्यानं फोन काढला. मी आत गेले.

सर्जन उंच होते, घाईत होते, पण हात लावण्याआधी त्यांनी तळवे एकमेकांवर घासून ऊबदार केले. तेवढ्यावरून मला ते आवडले.

"उभ्या राहा. खोका."

वहिनी खोकली.

"जोरात. लाजल्यासारखं नको."

ती जोरात खोकली. गाठ जशीच्या तशी. मग आडवं व्हायला सांगून त्यांनी ती हलकेच आत ढकलून पाहिली. ती आत जाईना. खोलीतला दिवा घालवून त्यांनी छोट्या टॉर्चचं तोंड गाठीला टेकवलं, आणि बाई गं, ती आतून लालसर उजळली. आम्ही दोघी बघतच राहिलो.

"हर्निया असता तर खोकल्यावर फुगला असता," सर्जन म्हणाले, "आडवं झाल्यावर बहुधा आत गेला असता. आणि आतडं असतं तर उजेड असा आरपार आला नसता. आत पाणी आहे. पट्टा कुणी दिला?"

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे.

सोनोग्राफीतही तेच निघालं. पडद्यावर एक काळी पिशवी, तिला वरच्या बाजूला बारीक शेपूट, आणि ते शेपूट पोटात जाणाऱ्या वाटेकडे वळलेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी यंत्र पोटावरूनही फिरवलं. "गर्भाशय छान आहे, दोन्ही अंडाशयं जागेवर," असं त्या सहज, चहात साखर बरोबर आहे म्हणावं तसं म्हणाल्या. ते वाक्य मी तेव्हा कानाआड केलं.

सर्जननी आम्हाला समजावून सांगितलं. मुलगी आईच्या पोटात असते तेव्हा तिच्या पोटाच्या अस्तराचा एक खिसा जांघेत उतरतो. बहुतेक जन्माच्या आसपास तो आपोआप मिटतो. एखादीचा मिटायचा राहतो. मग केव्हातरी, विसाव्या वर्षी नाहीतर चाळिसाव्या, त्यात पाणी साठतं. "फार क्वचित दिसतं. नक नावाचे एक जुने डॉक्टर होते, त्यांनी ही वाट पहिल्यांदा दाखवली. म्हणून ही नकची गाठ."

"नको?" वहिनीनं विचारलं.

"नक."

"नाही, नकोचीच आहे. बरोबर आहे नाव."

सर्जन हसले आणि त्यांनी शिकणाऱ्या डॉक्टरांना आत बोलावलं. चार-पाच पोरंपोरी माना वाकवून बघू लागली. "नीट बघून घ्या, पुन्हा कधी दिसेल सांगता येत नाही," ते म्हणाले. एका मुलीनं तर "किती छान!" म्हटलं आणि स्वतःच जीभ चावली.

कपडे नीट करताना वहिनी मला म्हणाली, "लग्नाच्या सात वर्षांत माझं कुणी कौतुक केलं असेल तर हेच. तेही गाठीचं."

इथवर सगळं ठीक होतं. घोटाळा झाला तो बाहेर.

सर्जन पुढच्या पेशंटकडे निघाले होते. दादा दिसला तसे ते दोन पावलं थांबले. "काळजीचं काही नाही. छोटं ऑपरेशन आहे. पुरुषांना हायड्रोसील होतं ना? तसंच समजा. तेच यांना झालंय." आणि खांद्यावर थोपटून गेले.

डॉक्टरनं दोन शब्द दिले होते. एक आत, एक बाहेर. घरानं बाहेरचा उचलला.

त्याला कारण होतं. आमच्या मामाला हायड्रोसील होतं. ऑपरेशनला घाबरून त्यानं ते इतकी वर्षं सांभाळलं की नात्यातले पुरुष त्याला पाठीमागे "सामानवाले" म्हणत. मामा बसायचा तर आधी सामान ठेवायचा आणि मग स्वतः. हसून हसून पुरेवाट व्हायची. त्यामुळे हायड्रोसील कुणाला होतं, कुठे होतं आणि कशाला होतं, हे आमच्या घरातल्या मांजरालाही ठाऊक. डॉक्टर म्हणतो, हिला तेच झालंय. म्हणजे हिला ते आहे.

घरी आल्यावर दादा आईच्या खोलीत गेला आणि दार लोटलं. आमच्या घराच्या भिंती अशा आहेत की शेजारच्या खोलीत कुणी मनात बोललं तरी ऐकू येतं. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले.

संध्याकाळी आईनं मला गॅसजवळ गाठलं. "तू पाहिलंस ना गं डोळ्यांनी?"

"काय?"

"तेच. काय आहे नक्की? म्हणजे... बाईसारखंच आहे ना सगळं?"

"आई, पाण्याची पिशवी आहे ती."

"मामालाही पाणीच होतं."

"अगं, तिला पाळी येते! दर महिन्याला कोण तिच्या नावानं खडे फोडतं?"

आणि हे खरंच होतं. वहिनी गरम पाण्याची पिशवी पोटाशी घेऊन आडवी झाली की आई स्वयंपाकघरातून म्हणणार, "आली का परत? बरोबर आहे. आपल्याकडे दुसरं कोण येणार!" सात वर्षं, न चुकता. जिचं बाईपण महिन्याच्या महिन्याला इतकं डोळ्यांत खुपत होतं, ती बाई आहे की नाही असा प्रश्न आता त्याच माउलीला पडला होता.

आईनं क्षणभर विचार केला. "एखादीत दोन्ही असतं म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"म्हणतात." मग तिचा चेहरा मऊ झाला, सुटल्यासारखा. "तरीच. मी म्हणतेच आहे, माझ्या लेकात काही खोट नाही."

लेकाची खोट कुणी तपासलीच नव्हती. वहिनीच्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या. दादा त्या दिवसांत नेहमी कामात असायचा.

त्या दिवसापासून दादानं आपलं अंथरूण बाहेरच्या खोलीत घातलं. म्हणाला, आत उकडतं. थंडीचे दिवस होते. बाहेर तो दोन पांघरुणं घेऊन झोपायचा.

सकाळी वहिनी आरशासमोर केस विंचरत होती. मी मागून गेले तशी म्हणाली, "वन्सं, मिशी फुटली की सांगा हं. आपलं आपल्याला दिसत नाही."

"गप्प बस."

"आवाज बघा, थोडा भरदार झालाय." तिनं खाकरून दाखवलं. आम्ही दोघी तोंडावर हात धरून हसलो. हसता हसता ती थांबली, आणि कंगव्यातला गुंता काढत बसली. "सात वर्षं झाली, वन्सं. आईंचं सोडा. पण त्यांना स्वतःला माहीत नसावं? माझ्याशी संसार केला तो डोळे मिटून केला का?"

मी तिची वेणी घालून दिली.

दादाला मी जिन्यात पकडलं. बूट घालत होता. ते वहिनीनंच मापाचे आणून दिलेले.

"तू नवरा आहेस ना तिचा?"

"मला त्यातलं काय कळतं?"

"मग ज्याला कळतं त्या डॉक्टरनं सांगितलं ना!"

"तेच म्हणतोय मी. डॉक्टरनंच सांगितलं, हायड्रोसील."

"'तसंच समजा' म्हणाले ते!"

"हो ना. मग तसंच समजतोय."

अशा माणसाशी वाद म्हणजे ओल्या साबणावर गाठ मारणं. मी म्हटलं, "बरं, आता पुढे काय?"

तो लेस बांधत राहिला. बांधून झाली तरी वर बघेना. "आधी काय निघतं ते बघू. साधं निघालं तर चांगलंच आहे. भलतंच काही निघालं तर आई म्हणते, तिच्या भावाला बोलावून घेऊ. आपल्याला फसवलं असं होईल ना ते."

म्हणजे ऑपरेशन व्हायचं होतं गाठीचं आणि निकाल लागायचा होता बाईचा. हे वहिनीला मी सांगायची गरज नव्हती. भिंतींनी सांगितलं होतं. तिनं कपाटातल्या एका पिशवीत चार कपडे वेगळे भरून ठेवले. इस्पितळाची पिशवी निराळी होती.

"ही कशाला?" मी विचारलं.

"असू दे. निकाल काही सांगून येत नाही."

ऑपरेशनच्या सकाळी परिचारिकेनं विचारलं, "जवळचं माणूस कोण आहे? नवरा?"

दादा तोवर आला नव्हता. मी म्हटलं, "मी आहे. नणंद."

"नणंद?" तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "अरे वा. नणंद सहसा निघताना येते, बिल बघायला."

वहिनी पलंगावर हसली. हिरव्या टोपीत ती शाळेतल्या मुलीसारखी दिसत होती. आत नेताना तिनं माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, "ते आले तर इतकंच बघा की ते काय विचारतात. दुखतंय का असं विचारलं, तर मला सांगा. बाकीचं नका सांगू."

एवढंच हवं होतं तिला. एक प्रश्न. त्यावर ती सगळं विसरून घरी आली असती. मी ओळखते तिला, ती तशी स्वस्तात मानणारी आहे.

दादा आला. पाण्याच्या मशीनजवळच्या खुर्चीवर बसला, माझ्यापासून लांब. समोर एक म्हातारे गृहस्थ काठीवर हनुवटी टेकून बसले होते. त्यांच्या सुनेचं बाळंतपण होतं म्हणे, आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत होते.

सर्जन बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात काचेची बरणी होती. चेहरा खूश. "अख्खी निघाली, कुठे फुटली नाही. ही बघा." औषधी पाण्यात एक फिकट गुलाबी पिशवी तरंगत होती. लहान मुलाच्या हातमोज्याचं एकच बोट असावं तशी, टोकाला निमुळती. "गर्भाशयाला धरून ठेवणारी एक दोरी असते, ती इथवर उतरते. तिला चिकटून बसली होती. सोडवली, वरचं तोंड बांधून टाकलं, वाट शिवून घेतली. तपासायला पाठवू, पण काळजी करण्यासारखं काही दिसत नाही."

दादा पुढे वाकून बघत होता. मागे दार उघडलं आणि वॉर्डातल्या मावशी वहिनीची ढकलगाडी घेऊन बाहेर येऊ लागल्या. कण्यातून भूल दिली होती, कमरेखालचं बधिर, वरची वहिनी टक्क जागी. दादाची पाठ तिच्याकडे होती. मी त्याला खूण करणार तोच त्यानं तोंड उघडलं.

"डॉक्टर, हे... पुरुषाचं नाही ना काही?"

सर्जनना वाटलं विनोद आहे. ते हसले. मग त्यांनी दादाचा चेहरा पाहिला आणि हसू आवरलं.

"म्हणजे?"

"नाही, तुम्हीच म्हणाला होता ना, हायड्रोसील. म्हणून घरचे जरा..."

"अहो, मी समजावं म्हणून म्हटलं!" त्यांचा आवाज चढला. "तुमची बायको आहे ती. गर्भाशय, अंडाशय, सगळं सोनोग्राफीत बघितलंय आम्ही. पाण्याची पिशवी आहे ही. बाईची."

ढकलगाडी आमच्याजवळ येऊन थांबली होती. वहिनी छताकडे बघत होती. डोळ्याच्या कडेनं काहीतरी ओघळून कानात गेलं. ते पुसायला हात उचलला नाही तिनं. मावशींना म्हणाली, "चला ना. थांबलात का?"

चाकं पुढे गेली. दादानं वळून बघितलं, पण त्याचा हात खिशात फोनकडे गेला होता. सुटकेनं त्याचा चेहरा नुसता फुलला होता. खोटं कशाला बोलू, इतका आनंदी मी त्याला त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता. तिथल्या तिथे, सगळ्यांच्या देखत तो ओरडला, "आई! बाईच आहे! हो, हो, डॉक्टर म्हणाले, बाईच!"

समोरचे म्हातारे गृहस्थ काठी टेकत उठले. "मुलगी झाली का? अभिनंदन हो! पहिली बेटी, चांगलं असतं."

दादानं त्यांचा हात हातात घेतला आणि "थँक्यू" म्हणाला.

घरी आणलं तेव्हा आई दारात उभी होती. तिनं वहिनीच्या गालावरून हात फिरवला. "झालं गेलं विसरून जा गं. काळजीपोटी माणूस काहीबाही बोलतो. मीही आईच आहे." मग उशी कशी ठेवायची, पाय कसा घ्यायचा, हे सगळं तिनं मनापासून केलं. खोटी माया नव्हती ती. बाई परत मिळाली याचा तिला खरंच आनंद होता. "आता तो अडथळाही गेला," ती मला म्हणाली, "आता बघ, होईल सगळं." अडथळा म्हणजे गाठ. डॉक्टरनं सांगितलं होतं की गाठीचा आणि मूल होण्याचा काही संबंध नव्हता. पण डॉक्टरचं काय ऐकायचं आणि काय नाही, हे आमच्याकडे आई ठरवते.

वहिनीनं ती चार कपड्यांची पिशवी रिकामी करून कपडे परत कपाटात लावले. मी विचारलं, "जायचंय का तुला भावाकडे? मी पोचवते."

"तिथे जाऊन काय सांगू? मी बाई निघाले, म्हणून आले?" ती म्हणाली. "तिथेही कुणी माझी वाट बघत बसलेलं नाही, वन्सं. इथे निदान तुम्ही आहात."

त्याच संध्याकाळी दादा अंथरूण गुंडाळून आत गेला. आत उकडायचं थांबलं होतं. मी बाहेर भांडी पुसत होते. वहिनीचा आवाज आला, शांत, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलते तसा. "अहो, टाके आहेत."

"हो, हो. बरोबर आहे," दादा म्हणाला आणि अंथरूण घेऊन बाहेर आला.

वरचे टाके काढायला मीच तिच्याबरोबर गेले. जखम झकास भरली होती. आतले आपोआप विरघळतात, काढावे लागत नाहीत, असं सर्जन म्हणाले. तपासणीतही साधं पाणी निघालं होतं. "महिनाभर जपा, मग बसा, उठा, काम करा. काही बंधन नाही." दीडएक महिन्यानं वहिनी दुकानात जाऊ लागली. परवा मी माझ्या चपला घ्यायला गेले, तर ती भराभरा उठत-बसत होती, खोके काढत होती, एका लहान मुलीला बूट घालताना तिच्या पायाला गुदगुल्या करत होती. दुखत नाही म्हणाली. अजिबात नाही.

घरात मात्र टाके आहेत.

थंडी जाऊन पंखे लागले. दादानं दोनदा-तीनदा अंथरूण आत नेलं आणि तसंच बाहेर आणलं. ती चिडत नाही, रडत नाही, दार लावत नाही. नुसतं सांगते. त्याला वाढते, डबा भरते, शर्टाचं बटण लावून देते. आई तिच्याकडे बघते, मग माझ्याकडे, आणि मी चष्मा पुसते.

शेवटी काल सकाळी दादा माझ्यापाशी आला. जिन्यातच. आवाज खाली, मान खिडकीकडे.

"काय गं, इतके दिवस टाके कसे राहतात?"

"आतले असतात ते," मी म्हटलं. "त्यांना वेळ लागतो."

"म्हणजे किती?"

"मला काय कळतं त्यातलं? डॉक्टरला विचार ना."

तो वाकून लेस बांधू लागला. डॉक्टरला त्यानं एकदा विचारलं होतंच.